गुडघा आणि यंत्राचा हात

आमच्या गुडघ्याची कुरकूर मुलांच्या लक्षात आमच्याही आधी आली. वरच्या मजल्यावरील नववीचा वर्ग आम्ही कठडा धरून गाठतो. दिवाळीच्या सुट्टीत उजवा गुडघा बदलायचे ठरले आहे, तेही रोबोटच्या मदतीने.

हे ऐकताच सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, रोबोट चुकला तर?" खरे सांगायचे तर हीच भीती आम्हालाही होती. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे.) डॉक्टरांनी समजावले. आधी सी.टी. स्कॅनवरून हाडांचे चित्र संगणकात तयार होते. मांडीच्या व नडगीच्या हाडाला लावलेल्या खुणा कॅमेरा पाहत राहतो. करवत चालवतो सर्जनच. आखलेल्या हद्दीबाहेर यंत्र ती जाऊ देत नाही. माप अधिक अचूक येते. पण पुढे काही वर्षांनी चालणे नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा बरेच सुधारते, असे अजून सिद्ध झालेले नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

२००० साली पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, २००१ मध्ये उजवा. तिथे रोबोट नव्हता. डॉ. राणावत मध्य प्रदेशातले, इंदूरला शिकलेले, हे वाचून आम्हाला उगाच धीर आला.

नंतर मांडी घालून बसणे टाळावे लागेल. यंदा चवथीला पेडण्याच्या घरी माटोळीखाली पूजेला पाटावर बसलो, तेव्हा उठवायला दोघे लागले. पुढच्या वर्षी पूजा धाकट्या भावाने करावी, असे आम्ही सुचवले आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.