घंटा वाजण्यापूर्वी

आमच्या वसईकडे माणूस गेला की चर्चची घंटा वाजते. अर्ध्या तासात वाडीवाडीला कळते की कोण गेले, वय काय होते, दुखणे कोणते होते आणि आखातातला मुलगा अंत्यविधीला पोहोचणार की नाही. ह्या वार्तेच्या प्रसाराबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. असे असूनही २०१५ च्या पावसाळ्यात आमचे बाबा गेले, त्या रात्री ही वार्ता एका परक्या व्यक्तीला कळली म्हणून आम्ही संतापलो होतो.

रात्री अडीचच्या सुमारास हृदयविकाराने त्यांनी प्राण सोडला. आम्ही भावंडे तळमजल्यावर बिलाच्या खिडकीपाशी उभी होतो. आई वर, बाबांच्या उशाशी, हातात रोझरी घेऊन. तेवढ्यात दादांचा मोबाईल वाजला. नेत्रपेढीतून बोलणाऱ्या बाईंचा स्वर मृदू होता. सांत्वनाचे दोन शब्द बोलून त्यांनी नेत्रदानाविषयी विचारले. बाबांचे वय, मृत्यूची वेळ, मृत्यूचे कारण, सारे त्यांना ठाऊक होते! “तुम्हाला हे कोणी सांगितलं? आमचा नंबर कोणी दिला?” एवढेच विचारून दादांनी फोन बंद केला. बाबांचा देह अजून थंडही झाला नव्हता आणि त्यांच्या आजाराचा कागद कोणाच्या तरी टेबलावर जाऊन पडला होता, असे आम्हांला वाटले.

ही भावना अगदीच पोकळ नव्हती. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गुपिते त्याच्या मृत्यूनंतरही जपावीत, हे वाक्य जागतिक वैद्यकीय संघटनेने आपल्या जिनिव्हा प्रतिज्ञेत १९६८ साली मुद्दाम घातले. पण दुसरी बाजूही आहे. बुबुळावरील पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. नातलग अश्रू पुसून, अंत्यविधीची वेळ ठरवून मग नेत्रपेढी शोधू लागले, तर ती वेळ टळते. म्हणून कोणीतरी आधी कळवावे लागते. अमेरिकेत १९९८ च्या नियमाने सरकारी विमायोजनेचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांवर प्रत्येक मृत्यू कळवण्याचे बंधनच आले. तेथील गोपनीयतेचा कायदाही अवयव, नेत्र व ऊती पेढ्यांना ही माहिती देण्याची मुभा देतो. आपल्याकडे १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली ‘ऊती’ हा शब्द आला, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या आप्तांना दानाची माहिती देणे रुग्णालयांतील नोंदणीकृत डॉक्टरांचे कर्तव्य ठरले.

हे सारे आम्ही पुढे वाचले. त्या वेळी मात्र आठ दिवसांनी दादा तक्रार घेऊन रुग्णालयात गेले. दाखल करतानाच्या अर्जावर त्यांचीच सही होती. माहिती पुढे देण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. कारकुनाने खांदे उडवले. संध्याकाळी दादा घरी येऊन तावातावाने हे सांगत होते, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“मोतीबिंदू काढला तेव्हा ते म्हणाले होते, माझ्यामागे हे डोळे कोणाला तरी द्या. त्या रात्री मला कोणी विचारलंच नाही.”

दादा गप्प झाले. आम्हीही. रुग्णालयाने पेढीला कळवले, पेढीने अर्जावरचा नंबर फिरवला आणि तो थोरल्या मुलाचा निघाला. जिला विचारायचे ती वरच्या मजल्यावर बसली होती. पण ह्याचा दोष एकट्या अर्जावर कसा टाकावा? जिना चढून जायला आम्हांला किती वेळ लागला असता?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रकात अवयवदानाची थोरवी सांगितली होती, आणि २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे बोलताना समजून-उमजून दिलेल्या संमतीवर भर दिला होता. पहिली गोष्ट प्रवचनांतून आमच्या कानांवर आली होती. दुसरीकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

२०१९ च्या मार्च महिन्यात आई घरीच गेली, पहाटे. ह्या खेपेला फोन दादांनीच केला. पलीकडून प्रश्न येत गेले: वय, वेळ, कारण, कावीळ झाली होती का, रक्तात जंतुसंसर्ग होता का? मधुमेह असल्याचे दादांनी चाचरत सांगितले. त्याने अडत नाही, असे उत्तर आले. चार वर्षांपूर्वी जे गुपित वाटले होते ते सारे दादा फाईल उघडून एका अनोळखी माणसाला ओळीने वाचून दाखवत होते. मग सूचना आल्या. पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोके उशीने उंच करा, पंखा बंद करा.

पेढीची माणसे तासाभरात आली. त्यांनी वहिनींना आणि आम्हांला बाजूला बसवून अर्ज वाचून दाखवला, सह्या घेतल्या, रक्ताचा नमुना घेतला. डोळ्यांचे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकले. आईचा चेहरा होता तसाच होता.

धाकटा पुतण्या चर्चकडे निघाला होता. दादांनी त्याला दारातच थांबवले. “जरा थांब,” ते म्हणाले, “यांची गाडी वाडीबाहेर पडू दे, मग घंटा वाजवायला सांग.”