कापलेला शेवट

२०१८ साली आम्हा हैदराबादच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. मी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ‘सावध राहा’ असं लिहून.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी डवरी गोसावी समाजातली माणसं होती ती. दोन आठवड्यांत आमच्या शहरातला एक तरुण इंजिनिअर बिदर जिल्ह्यात तसाच गेला. मुलांना चॉकलेटं दिली, एवढंच निमित्त.

मग कळलं, तो व्हिडिओ कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. पसरलेल्या भीतीत माझीही भर पडली होती.

मुलगी आता स्वतः फोन वापरते. तिला एवढंच सांगितलंय: काही पाहून छातीत धस्स झालं, की आधी थांब. हे कुठलं, कधीचं, याच्या मागे-पुढे काय, ते शोध. व्हिडिओतलं एखादं दृश्य गुगलवर टाकलं तरी पुष्कळदा मूळ सापडतं.

परवा मीच काहीतरी पुढे पाठवत होतो. ती म्हणाली, “बाबा, हा पूर्ण आहे का?”

मी बोट मागे घेतलं.