खालिदचा संघ, माझा संघ

२०१६-१७चा फुटबॉलच्या आय-लीगचा हंगाम मी सुरतेच्या कतारगामात पाहिला, बहुतेक मोबाइलवर. नोटबंदीनंतर हिऱ्याच्या कारखान्यात काम मंदावलं होतं, हिरे घासायच्या घंटीवर बसायचे तास कमी झाले होते, आणि जिओचं नेट तेव्हा फुकट होतं. कारखान्यात आम्ही मराठी मोजकेच, बाकी सगळे सौराष्ट्रातले. त्यांच्यात क्रिकेटशिवाय दुसरा विषय निघत नसे.

वडील धुळ्याकडून सुरतेला आले, मी इथलाच. महाराष्ट्राचे दोन संघ लीगमध्ये होते, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी. मी मुंबईचा. पण मुंबई मला आवडायची ती प्रशिक्षक खालिद जमीलमुळे. मोठी नावं हाताशी नसताना सात हंगाम त्याने हा संघ खाली घसरू दिला नाही. २०१६मध्ये तिथून त्याला जावं लागलं आणि तो मिझोरमच्या आयझॉल संघाकडे पोहोचला. हा संघ आदल्या हंगामात घसरून लीगमधून बाहेर पडलेला. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती.

आयझॉलची नावं ऐकताना मी चमकलो. मुंबईचा जयेश राणे, गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स आणि बचावात आशुतोष मेहता, ज्याचा जन्म चक्क सुरतचा! मिझोरम नकाशावर कुठे आहे हे कारखान्यात कुणाला धड सांगता आलं नसतं, पण माझी माणसं तिथे खेळत होती. मुंबईला मी सोडलं नाही, जीव मात्र आयझॉलमध्ये अडकला.

विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मोहन बागानविरुद्धचा सामना २२ एप्रिलला. डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर चित्र अडकायचं, गोल चक्र फिरत राहायचं, आणि मी पडद्यावर बोट घासत बसायचो. ८३व्या मिनिटाला आयझॉलच्या झोहमिंगलियाना राल्तेने गोल केला. सामना १-०. इतका दमदार विजय मी त्या लीगमध्ये दुसरा पाहिला नाही.

लीगचा शेवटचा दिवस ३० एप्रिल, रविवार, कारखान्याला सुट्टी. आदल्या रात्री आयपीएलमध्ये राजकोटला गुजरात लायन्स सुपर ओव्हरमध्ये मुंबई इंडियन्सकडून हरले होते. खाली ओट्यावर बुमराहच्या त्या षटकाचीच चर्चा चालू होती. आयझॉलला विजेतेपदासाठी शिलाँगमध्ये लाजोंगशी बरोबरी पुरे होती. नवव्याच मिनिटाला डिपांडाने लाजोंगला पुढे नेलं. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होतं. माझे हात गार पडले. वडिलांनी विचारलं, "कोनी म्याच शे रे?" मी म्हटलं, "अण्णा, आपलीच." ६७व्या मिनिटाला विल्यम लालन्यूनफेलाने बरोबरी साधली आणि मी इतक्या जोरात ओरडलो की ओट्यावरची मंडळी वर बघू लागली. बागान जिंकलं, तरी आयझॉलचे ३७ गुण आणि त्यांचे ३६. ईशान्येचा पहिला विजेता संघ!

मग मी गुणतक्ता खालपर्यंत पाहिला. सगळ्यात तळाला मुंबई एफसी. ज्याने या संघाला इतकी वर्षं वाचवलं, तो विजेता, आणि संघ बाद. याचं दुःख मला अजून आहे. पुढच्या हंगामात खालिद ईस्ट बंगालला गेला. शिवाजियन्सही उतरले नाहीत. आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ उरला नाही. कतारगामातला मी मग राणे कुठे खेळतो, मेहता कुठे खेळतो, हेच शोधत राहिलो.