कॅसेटला फुंकर मारण्याआधी

"भाऊ, कॅसेट चालूनच नाही राहिली. फुकून फुकून पाहिली."

मृगाचा पाऊस पडून गेला की चंद्रपुरात प्रस्तुत लेखकाच्या टेबलाशी हे वाक्य हमखास ऐकू येतं. समोर तळहाताएवढी पिवळी प्लास्टिकची कॅसेट असते. तिच्यावरचं चित्र अर्धं खरवडलेलं, त्यावर 'बावन इन वन' असा काहीतरी आकडा. आणणारा माणूस चाळिशीतला असतो आणि सोबत त्याचा मुलगा. घराच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडलेला असतो, आणि बापाला मुलासमोर एकदा तरी 'मारिओ' चालवून दाखवायचा असतो. पडद्यावर मात्र निळ्या आभाळात अक्षरांचे तुकडे विखुरलेले, मारिओचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे.

कॅसेट मेली, असं धरूनच तो आलेला असतो. बहुतेक वेळा ती मेलेली नसते. तिचा आणि यंत्राचा स्पर्श तेवढा तुटलेला असतो. प्रस्तुत लेखकाचं सगळं काम या स्पर्शाभोवती फिरतं.

ज्याला विदर्भात सरसकट 'टीव्ही गेम' म्हटलं गेलं, त्याचं मूळ जपानात आहे. निन्टेंडोचं फॅमिकॉम 15 जुलै 1983 रोजी तिथं विक्रीला आलं. नव्वदच्या दशकात भारतातल्या घराघरांत पोचल्या त्या मात्र बहुतांशी त्याच्या नकला. 'लिटल मास्टर'सारख्या नावांनी त्या विकल्या जात. यंत्र नकली असलं तरी कॅसेटीची मांडणी अस्सल फॅमिकॉमचीच होती: पट्टीच्या एका बाजूला 30 आणि दुसऱ्या बाजूला 30, अशा 60 पिना. त्यांतली प्रत्येक पिन यंत्रातल्या एका स्प्रिंगदार पत्र्याला टेकली पाहिजे. साठांपैकी एक जरी टेकली नाही, तरी खेळ बिघडू शकतो.

आता फुंकरीविषयी. भारतातल्या, जपानातल्या आणि अमेरिकेतल्या मुलांनी एकमेकांना न भेटता हाच उपाय शोधून काढला, कारण तो लागू पडल्यासारखा वाटायचा. प्रत्यक्षात काम करत होती ती काढण्याघालण्याची क्रिया. कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना पत्र्यावर घासतात, मळाचा पातळ थर थोडा खरवडला जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्पर्श जुळतो. श्रेय मात्र मधल्या फुंकरीला मिळतं. फुंकरीबरोबर तोंडातला ओलावा पिनांवर जातो. निन्टेंडोनं कॅसेटींत फुंकू नका, असं आपल्या ग्राहकांना स्पष्ट बजावलं होतं, ते याच ओलाव्यानं पिना गंजतात म्हणून.

पिनेचा गाभा तांब्याचा असतो. चांगल्या कॅसेटीत तांब्यावर निकेल आणि निकेलवर सोन्याचा मुलामा असतो, एक मायक्रॉनहूनही पातळ. स्वस्त नकली कॅसेटींत हा मुलामा नावापुरता असतो, कधी नसतोच. झिजलेल्या जागेतून ओलावा तांब्यापर्यंत पोचला की तिथं आधी काळपट आणि मग हिरवट डाग धरतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवेत हे लवकर घडतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांपर्यंत चढतो. प्लास्टिक तापून वाकू शकतं. धूळ तर बारमाही. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, ट्रकांची अखंड ये-जा, यांमुळे घराच्या खिडकीत दोन दिवसांत काळपट थर बसतो. तोच थर उघड्या स्लॉटमध्येही बसतो. आणि मग जूनमध्ये एकाएकी ओल येते. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. तिथल्या कौलारू घरात पावसाळ्याचे चार महिने कपाटातला कपडाही कोरडा राहत नाही, तिथं कॅसेटीची काय कथा? धुळीवर ओल बसली की तिचा चिकट लेप होतो. मृगानंतर गिऱ्हाईक वाढतं ते यामुळे.

कॅसेट हातात आल्यावर प्रस्तुत लेखक लगेच ती उघडत नाही. आधी ती लावून पडद्याकडे नीट पाहतो. बिघडलेलं चित्र गोंधळाचं दिसतं, पण त्यात दोष कुठं आहे ते लिहिलेलं असतं.

फॅमिकॉमच्या कॅसेटीत दोन वेगळ्या स्मृती असतात. एकीत खेळाच्या आज्ञा असतात, दुसरीत चित्रं. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आज्ञांना 32 किलोबाइट आणि चित्रांना 8, अशी दोन्ही मिळून 40 किलोबाइट एवढीच जागा लागली. दोन्ही स्मृतींच्या पिना वेगवेगळ्या. म्हणून पडदा नुसता करडा किंवा एकाच रंगाचा राहिला आणि आवाजही नसला, तर संशय आज्ञांच्या पिनांवर. संगीत नीट वाजतंय, बटण दाबल्यावर उडीचा आवाज येतोय, पण चित्राचा चुराडा झालाय, तर आज्ञा शाबूत आहेत आणि दोष चित्रांच्या पिनांत आहे.

याहून बारकाईनंही वाचता येतं. पडद्यावरचं प्रत्येक चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांचं बनतं आणि चौकोनाची एकेक ओळ आठ तारांवरून येते. त्यांतली एक तार तुटली तर सगळ्या पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी एक चुकीच्या रंगाची उभी रेघ दिसते. पत्त्याची तार तुटली तर दोष वेगळा. कोणता चौकोन काढायचा हे पत्त्याच्या तारा ठरवतात. त्यांतली सर्वांत खालची तार शून्यावर अडकली, तर विषम क्रमांकाच्या प्रत्येक चौकोनाच्या जागी त्याच्या आधीचा सम क्रमांकाचा चौकोन येतो. 'सुपर मारिओ'मध्ये अंकांमागोमाग इंग्रजी अक्षरं ओळीनं लावलेली आहेत. त्यामुळे तिथं 'मारिओ' या नावातल्या 'आर'च्या जागी 'क्यू' दिसतो, 'टाइम'मधल्या 'टी'च्या जागी 'एस' आणि 'वर्ल्ड'मधल्या 'एल'च्या जागी 'के'. एम, ए, आय, ओ ही अक्षरं जशीच्या तशी राहतात. पडद्यावर असं नाव दिसलं की साठांतली नेमकी कोणती पिन पाहायची हे कॅसेट उघडण्याआधीच कळतं.

आवाजाची गोष्ट आणखी निराळी. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटीतून वळसा घालून येतो, 45 क्रमांकाच्या पिनेतून आत आणि 46 मधून बाहेर. काही कॅसेटींत आवाजाची जादा चिप असायची, तिचा सूर मिसळता यावा म्हणून ही सोय. त्यामुळे चित्र स्वच्छ पण आवाज गायब असेल, तर टीव्हीचा स्पीकर उघडण्याआधी या दोन पिना पुसाव्यात.

निदानाची आणखी एक पायरी चुकवायची नाही. खात्रीनं चालणारी दुसरी कॅसेट त्याच यंत्रात लावून बघायची. तीही अडखळली तर दोष स्लॉटचा किंवा अॅडॅप्टरचा. कॅसेटीला 5 व्होल्ट लागतात. वीज खाली-वर होत असेल किंवा अॅडॅप्टर थकलेला असेल, तर स्वच्छ कॅसेटही वेड्यासारखी वागते. अॅडॅप्टर बदलताना त्याचं धन-ऋण टोक तपासलंच पाहिजे. मूळ फॅमिकॉमच्या प्लगमध्ये ऋण टोक आत असतं, आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॅप्टरांत धन टोक आत असतं. उलटा अॅडॅप्टर लावून यंत्र जाळणं एका क्षणाचं काम आहे.

एवढं झाल्यावर कॅसेट उघडायची. नकली कॅसेट एखाद्या स्क्रूवर किंवा नुसत्या खाचांवर बंद असते. स्क्रू नसला तर पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं कडेनं हळूहळू उचकटायची, लोखंडी पेचकस घुसवायचा नाही. आत छोटी हिरवी पट्टी आणि तिच्यावर बहुधा काळा गोळा. त्या गोळ्याखाली चिप थेट पट्टीवर चिकटवलेली असते. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडायची. मग 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पिनेच्या लांबीच्या दिशेनं पुसायचं, आडवं नाही. आडवं पुसलं की एका पिनेचा मळ दुसऱ्या पिनेवर जातो. काडी काळी झाली की नवी घ्यायची. काडी पांढरी राहीपर्यंत पुसायचं. पुष्कळ कॅसेटी इथंच जिवंत होतात.

डाग तरी राहिला तर पांढरा मऊ खोडरबर, हलक्या हातानं, दोन-चार वेळाच, आणि नंतर पुन्हा अल्कोहोल, म्हणजे रबराचा चुरा राहत नाही. पुसल्यावर पट्टी पूर्ण सुकू द्यायची. थिनर आणि पेट्रोल कॅसेटीच्या प्लास्टिकला लावायचं नाही, ते विरघळतं.

पॉलिश पेपरला तर हातच लावायचा नाही. हे प्रस्तुत लेखक ऐकीव सांगत नाही. शिकाऊ दिवसांत त्यानं एका शेजाऱ्याची कॅसेट पॉलिश पेपरनं घासून लखलखीत करून दिली होती. कॅसेट त्याच दिवशी चालली, शेजारी खूश झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर ती परत आली तेव्हा सगळ्या पिना हिरव्या होत्या आणि दोन तर पट्टीवरून सुटल्या होत्या. मुलामा कागदाबरोबर निघून गेला होता, उघड्या तांब्याला वाचवायला काहीच उरलं नव्हतं. ती कॅसेट पुन्हा कधी चालली नाही. त्यानंतर त्यानं पॉलिश पेपर टेबलावर ठेवला नाही.

पुसूनही दोष गेला नाही, तर मल्टीमीटर. एक टोक पिनेवर, दुसरं चिपच्या पायावर, आणि बीप ऐकायची. बीप नाही आली तर ट्रॅक तुटलाय किंवा ड्राय सोल्डर आहे. ड्राय सोल्डर असेल तर थोडा फ्लक्स लावून सांधा पुन्हा तापवला की काम होतं. चिप काळ्या गोळ्याखाली असेल तर तिचे पाय दिसत नाहीत, तेव्हा गोळ्याच्या कडेपर्यंतचा ट्रॅकच तेवढा तपासता येतो. गोळ्याच्या आतली चिप गेली असेल तर कॅसेट खरंच गेली. तसं गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांनाही हीच रीत लागू पडते. ज्याला भारतभर पोरं 'मुस्तफा' म्हणायची, तो कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. मुस्तफा कैरो हे त्यातल्या एका नायकाचं नाव. हा खेळ कॅसेटीत नव्हता, तो एकावर एक बसवलेल्या बोर्डांत होता. त्या काळच्या बहुतेक बोर्डांप्रमाणे तो यंत्राला 56 पिनांच्या जॅमा पट्टीनं जोडला जाई. ही पट्टीही तशीच मळते आणि तशीच पुसावी लागते.

पार्लरची खरी कॅसेट म्हणजे एसएनकेच्या निओ जिओची, 1990 पासूनची. तिच्यात दोन पट्ट्या असतात. एकीवर चित्रं, अक्षरं आणि संगीताच्या आज्ञा. दुसरीवर खेळाच्या आज्ञा आणि नोंदवलेले आवाज. 'किंग ऑफ फायटर्स 97'मध्ये लढवय्ये फाटके दिसले तर पहिली पट्टी पुसायची. संगीत चालू आहे पण ठोशांचे आवाज आणि आरोळ्या नाहीत, तर दुसरी. या यंत्रांच्या मुख्य बोर्डावर एक निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते आणि शेजारचे ट्रॅक खाते. जुनं निओ जिओ हाती आलं तर आधी ती बॅटरी काढावी, बाकी सगळं मागाहून.

गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला, पण दुरुस्तीसाठी सिरोंचा-भामरागडकडचा माणूस आजही चंद्रपूर गाठतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. घरी नेलेली कॅसेट आठव्या दिवशी पुन्हा बंद पडली, तर तो पाऊस ओसरेपर्यंत परत येऊ शकत नाही. म्हणून दुरुस्त कॅसेट अर्धा तास सलग चालवून पाहिल्याशिवाय प्रस्तुत लेखक देत नाही. यंत्र तापल्यावर उघडे पडणारे दोष त्या अर्ध्या तासात कळतात. दूरच्या गिऱ्हाइकाला तो पाच-सहा कापसाच्या काड्या आणि लहान बाटलीत अल्कोहोल बांधून देतो, आणि त्याच्याच हातानं एकदा पिना पुसून घेतो. बाटली मुलांच्या हाताबाहेर, चुलीपासून लांब ठेवायला बजावतो. अल्कोहोल लगेच पेट घेतं.

या कॅसेटी आता कोणी बनवत नाही असं नाही, नव्या नकला अजूनही मिळतात. पण ज्या कॅसेटीवर एखाद्या घरातल्या दोन भावांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, ती कॅसेट एकच असते. तिच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेलं नाव असतं, चित्राच्या कोपऱ्यावर कोणाच्या तरी दातांच्या खुणा असतात. ती चालू झाली की बाप बटण दाबायचं विसरून नुसता पाहत उभा राहतो, आणि मुलगा विचारतो, "बाबा, आता काय करू जी?" या क्षणासाठी साठ पिना एकेक करून पुसण्याचे कष्ट प्रस्तुत लेखकाला कधीच जास्त वाटले नाहीत.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी कॅसेट सापडली, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात फुंकूही नका. यंत्र बंद करा, कॅसेट काढा, पिना अल्कोहोलनं लांबीच्या दिशेनं पुसा आणि दहा मिनिटं सुकू द्या. चालली तर उत्तम. नाही चालली तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि तो कॅसेटीसोबत दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि पावसाळ्यापूर्वी ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह बंद करून ठेवा. नव्या चपला-पिशव्यांत येणाऱ्या त्या पुड्या एरवी आपण फेकूनच देतो.