पाच प्रतिष्ठित व्यक्ती

हा लेख आम्ही दोघी मिळून लिहीत आहोत. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात, शेजारशेजारच्या टेबलांवर आमची अठरा वर्षे गेली. कोणती आठवण नेमकी कोणाची, हे आता आम्हालाही वेगळे काढता येत नाही. तरीही आरंभीच सांगितले पाहिजे की ज्या सहीविषयी पुढे लिहायचे आहे ती आमच्यापैकी एकीची आहे. दुसरीने त्या संध्याकाळी तिला 'चांगले काम केलेस' असे म्हटले होते. तेव्हा येथले 'आम्ही' हे लेखनातले सवयीचे बहुवचन नव्हे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात प्राचार्यांच्या नावाने न्यायालयातून एक पत्र आले. आमच्यापैकी एकीकडे तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेचे काम होते. म्हणून ते फिरत फिरत विभागात पोचले. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, म्हणजे पोलीस आणि वर्तमानपत्रे ज्याला 'पिटा' म्हणतात तो कायदा. त्याच्या सतराव्या कलमात अशी तरतूद आहे की, छाप्यातून आणलेल्या स्त्रीची चौकशी करताना दंडाधिकाऱ्याने मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींना बोलवावे आणि शक्यतो त्यांतील तीन स्त्रिया असाव्यात. पाच माणसे म्हणजे आपल्या भाषेत पंचच. त्या पाचांत आमची वर्णी लागली होती. 'प्रतिष्ठित' हा शब्द पत्रात वाचून विभागात चहा झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर, महिला मंडळाच्या दोन बाई आणि आम्ही. समोर बसस्थानकाजवळच्या एका लॉजवरून आणलेली स्त्री. वय कागदावर चौतीस. परिविक्षा अधिकाऱ्याने अहवाल वाचला. त्यात प्रश्न होते ते कायद्यातलेच: वय, चारित्र्य, पूर्वेतिहास, आईवडील, पालक किंवा नवरा तिचा ताबा घेण्यास योग्य आहेत का, घरी पाठवल्यास तेथील परिस्थितीचा तिच्यावर काय परिणाम होईल, पुनर्वसनाची शक्यता किती. आईवडील ताबा घेतील का, असे तिला विचारण्यात आले तेव्हा ती हसली. ''साहेब, माझ्या आईचाच ताबा माझ्याकडं आहे.'' मुलगा दहावीला होता. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, ''ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. मला कुठं जायचंय ते मला ठाऊक आहे.''

ताईंनी सांगितले नाही. 'कौटुंबिक पार्श्वभूमी अनुकूल नाही; व्यवसाय-प्रशिक्षणाची गरज दिसते' अशा अर्थाचे एक वाक्य तयार झाले. त्यातले शब्द आमचे होते, कारण मराठीच्या प्राध्यापिका म्हणून मसुदा आमच्याकडेच सोपवला गेला होता. पाच सह्या झाल्या. कायद्यानुसार एक ते तीन वर्षे ठेवता येते. तिला एक वर्ष मिळाले. लॉजचा व्यवस्थापक, ज्याच्यावर खरोखर गुन्हा दाखल होता, त्याआधीच जामिनावर बाहेर आला होता. मुलाची परीक्षा पुढल्या मार्चात होती.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्या छाप्यासंबंधीची एक जुनीच बातमी पुन्हा छापली गेली, तिच्यात 'महिलेची सुटका करण्यात आली' असे वाक्य होते. ते आम्ही तेव्हा वाचले आणि पुढे गेलो. भाषा शिकवणाऱ्या माणसांनी तेथे थांबायला हवे होते. मराठीत बाळंतीण सुटते, कैदी सुटतो, गाय दाव्यातून सुटते, जाचातून सुटका होते. या साऱ्या वापरांत सुटलेले जीव आपापल्या वाटेने जातात. येथे सुटका झालेल्या बाईला बाहेरून कुलूप होते. आणि 'करण्यात आली' या रचनेची सोय अशी, की कोणी केली हे सांगावे लागत नाही, आणि तिने मागितली होती का, हा प्रश्न तर वाक्यात कोठे मावतच नाही. 'धाड' या शब्दाला आपल्याकडे निदान प्रामाणिक इतिहास आहे. दरोडेखोरांची पडते ती धाड आणि पोलिसांची पडते तीही धाडच. वस्तीतल्या बायका 'छापा' म्हणत नाहीत, 'धाड' म्हणतात. त्यांचा भाषिक विवेक आमच्याहून शाबूत आहे.

हे सारे आम्हाला आपोआप उमजले असे मात्र नाही. २०१७ साली एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने 'मराठी कथेतील वेश्या' असा विषय घेतला. आम्ही तिला नेहमीची यादी दिली. महिन्याभराने ती येऊन म्हणाली, ''मॅडम, ह्या सगळ्या गोष्टींत बाई एकतर मरते, नाहीतर कुणासाठी तरी त्याग करते. भाजी कुणीच आणत नाही. भिशी कुणाचीच नाही.'' आम्ही वास्तववादाच्या मर्यादांविषयी काहीसे बोललो. ती ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली की ती स्वतः सांगलीकडच्या एका वस्तीत मावशीजवळ वाढली आहे; फी मावशीने भरली आहे; आणि लहानपणी एकदा शाळेतून घरी आली तर धाड पडून गेली होती, मावशी नव्हती, शेजारणीने तीन आठवडे जेवायला घातले. ''मावशीला सोडवायला आम्ही वकील दिला, मॅडम. सुटका झालेल्या बाईला सोडवायला.'' आमच्यापैकी एकजण त्यानंतर वर्गावर जाऊ शकली नाही.

'गोलपिठा'ला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, हे आपण सारेच शिकवतो. त्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरून, शब्दांचे अर्थ विचारून घेऊन पांढरपेशा वाचकासाठी लिहिलेली ती प्रस्तावना. तेथे विचारणाऱ्याने आपले अज्ञान कबूल केले आहे. आमच्या चौकशीच्या कागदावर अज्ञानाला रकानाच नव्हता.

त्या विद्यार्थिनीमुळे आम्ही जे वाचले ते खरे तर आमच्या दारातले होते. सांगलीत १९९२ साली संग्राम ही संस्था मीना सरस्वती शेषू यांनी सुरू केली ती एड्सविरोधी कामासाठी. निरोध वाटण्याचे काम वस्तीतल्या स्त्रियांनीच करावे, या साध्या पद्धतीतून १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. नाव नीट वाचावे. मुक्ती हवी आहे ती अन्यायापासून. व्यवसायापासून असे म्हटलेले नाही. आणि जो शब्द उच्चारताना आम्ही वर्गात आवाज खाली आणतो तो त्यांनी पाटीवर पहिला लिहिला. वस्तीतले तंटे सोडवायला त्यांची तंटामुक्ती समिती असते; मुलगी अल्पवयीन किंवा बळजबरीने आणलेली दिसली तर तिची विचारपूस करणे हे त्या आपले काम मानतात. २००५ च्या मे महिन्यात सांगलीच्या गोकुळनगरात पोलिसांनी एका परदेशी संस्थेला बरोबर घेऊन धाड घातली; नेलेल्यांत प्रौढ स्त्रियाही होत्या. वस्तीला रोज ओळखणाऱ्या संघटनेचा सल्ला मात्र कोणाला घ्यावासा वाटला नाही. अमेरिकी सरकारच्या निधीला तेव्हा वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट जोडलेली होती. संग्रामने त्याच वर्षी तो निधी सोडला.

योगायोग असा की त्याच साली केरळात नलिनी जमीला यांचे आत्मकथन मल्याळममध्ये आले. शब्दांकन दुसऱ्याने केले होते. छापलेले पुस्तक त्यांना आपले वाटले नाही, म्हणून त्यांनी काही महिन्यांतच ते पुन्हा सांगून नव्याने प्रसिद्ध केले. आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या घटनेवर अजून पुरेसे लिहिलेले नाही, असे आम्हाला वाटते. असो.

२०१८ साली संग्रामने महाराष्ट्रातील छाप्यांतून गेलेल्या २४३ स्त्रियांशी बोलून एक अहवाल काढला. त्यांतील १९३ जणींनी सांगितले की छाप्याच्या वेळी त्या स्वेच्छेने धंद्यात होत्या. हा आकडा आम्ही वाचला तेव्हा आमच्या मनात आला तो प्रश्न प्रत्येक सभ्य माणसाच्या मनात येतो: स्वेच्छा म्हणजे तरी काय? दारिद्र्यात कसली इच्छा? प्रश्न खोटा नाही. पण तो आपण उसाच्या फडातल्या मजुरणीला विचारत नाही, विचारला तरी तिला वर्षभर कोंडून ठेवत नाही. आणि सक्ती हाच जर आक्षेप असेल, तर आमच्या सहीत सक्ती नव्हती काय?

विकल्या गेलेल्या मुली खऱ्या आहेत. त्यांना बाहेर काढलेच पाहिजे. याविषयी परिषदेचे आणि आमचे दुमत नाही, आणि कोणी तसे सुचवले तर ते अन्यायाचे होईल. १९९६ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत एकाच झपाट्यात चारशेहून अधिक मुली-बायका उचलण्यात आल्या. त्यांत अशा मुली होत्याच. अनेक जणी नेपाळच्या होत्या आणि त्यांना परत घ्यायला त्यांचे सरकार चटकन राजी झाले नाही. म्हणजे तेव्हाही काढण्याचा विचार झाला होता, ठेवण्याचा झाला नव्हता. अडचण आहे ती सगळ्यांना एकाच गाडीत घालण्याची. मूल आणि चौतीस वर्षांची आई यांना एकच क्रियापद लावले की दोघींचेही नुकसान होते. पोलिसांचा आकडा तेवढा वाढतो. २०१३ साली हे फार स्पष्ट दिसले. मानवी व्यापाराविषयीच्या कलम ३७० च्या फेब्रुवारीतल्या अध्यादेशात 'शोषणा'च्या व्याख्येत 'वेश्याव्यवसाय' हा शब्द होता. संघटनांनी विरोध केला. वर्मा समितीच्या सदस्यांनीही खुलासा केला की स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना त्रास देणे हा आपला हेतू नव्हता. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यातून तो एक शब्द गेला. एका शब्दासाठी एवढे भांडणारे वाचक आमच्या कोणत्या वर्गात आहेत?

तसे हे भांडण कायद्याइतकेच जुने. १ मे १९५८ रोजी तो अमलात आला, त्याच दिवशी अलाहाबादच्या हुस्नाबाई नावाच्या चोवीस वर्षांच्या स्त्रीने उच्च न्यायालयात अर्ज केला की घर चालवण्याचा आपला व्यवसाय संविधानाने दिलेल्या हक्कात बसतो. अर्ज फेटाळला गेला.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी वीस ते तेवीस वर्षांच्या तीन मुलींना सोडण्याचा आदेश दिला. त्या मालाडच्या छाप्यात सापडल्या होत्या. खालच्या न्यायालयाने त्यांना वर्षभर उत्तर प्रदेशातल्या सुधारगृहात पाठवायचे ठरवले होते, आणि त्यांच्या जमातीत हा धंदा परंपरेने चालतो म्हणून आईवडिलांच्या ताब्यात द्यायला नकार दिला होता. उच्च न्यायालय म्हणाले की या कायद्यात देहविक्रय हाच काही गुन्हा नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. 'कौटुंबिक पार्श्वभूमी अनुकूल नाही' हे आमचेच वाक्य त्या खालच्या आदेशात वेगळ्या शब्दांत होते. निकाल वाचत असताना आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही.

त्यानंतर १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की सुधारगृहांची पाहणी करावी आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची प्रकरणे ठरावीक मुदतीत तपासून त्यांना सोडावे. वृत्तपत्रांनी छाप्यातल्या स्त्रियांची ओळख उघड करू नये. निरोध पुरावा म्हणून धरू नये. छाप्याच्या वेळी संमतीने काम करणाऱ्या स्त्रीला अटक किंवा त्रास होऊ नये, ही शिफारसही न्यायालयापुढे होती. तिच्यावर मात्र केंद्र सरकारचे आक्षेप होते, आणि पाळण्याच्या सूचनांत ती आली नाही. धाड आहे तेथेच आहे.

त्या आदेशानंतरच्या सुट्टीत आम्ही दोघी त्या बसस्थानकाजवळ गेलो. काय करायला, हे आम्हाला नीट सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावे तर तोंड नव्हते. मुलगा दहावी झाला का, एवढे कळले असते तरी पुष्कळ होते. लॉजच्या जागी मोबाइलची दुकाने झाली होती. कोपऱ्यावरचा पानवाला जुना होता. आम्ही कोणाला शोधतो आहोत हे त्याला आमच्या साड्यांवरून कळेना. सरकारी बायका असाव्यात असे समजून तो सावध बोलत होता. त्याने नाव विचारले. आम्ही चौकशीच्या कागदावरचे नाव सांगितले. आठ वर्षांत ते आम्ही एकदाही विसरलो नव्हतो.

तो थोडा वेळ आठवत राहिला. मग पानाला चुना लावता लावता म्हणाला, ''धाडीत दिलेलं नाव असणार ते, मॅडम. पोलिसांना खरं नाव कोण सांगतं?''