मुका मार
गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं घरी येत होते, तर कडुलिंबाच्या फांदीला मांज्यात अडकून साळुंकी लटकलेली दिसली. इतकी भांडखोर जात, पण चोचीतून आवाज नव्हता. एका मुलानं काठीनं फांदी ओढून तिला उतरवली. मांजा कापला, बुटाच्या खोक्याला भोकं पाडून तिला आत ठेवली, वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवलं.

रक्ताचा थेंब दिसेना. वाटलं, निभावलं. आपल्याला मुका मार लागला तर अंग काळंनिळं पडतं, घरच्यांना कळतं. पाखराचं सगळं अंग पिसांखाली. त्यात दुखणं दिसलं की शिकारी हेरणार, म्हणून जायबंदी पाखरूही होता होईतो नीट बसून राहतं. पशुवैद्यांनी तिच्या छातीवर, मग पंखाच्या मुळाशी हलकी फुंकर घातली. पिसं दुभंगली. खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी, आणि तिच्यात जांभळा डाग.

तिसऱ्या दिवशी तो डाग हिरवागार झाला होता. माझ्या पोटात गोळाच आला. सडलं, दुसरं काय! हळद भरायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, "थांबा ताई, हे उतरायला लागलंय."

सांडलेल्या रक्तातलं हीम मोडलं की आधी बिलिव्हर्डिन तयार होतं, त्याचा रंग हिरवा. आपल्या शरीरात एक विकर त्याचं पिवळं बिलिरुबिन करतं, म्हणून आपला मार पिवळा होत होत विरतो. पाखरांकडे ते विकर जवळपास नाहीच. त्यांचा मार हिरव्यावर येतो आणि हिरवाच विरतो. खरोखर सडणारं मांस काळवंडतं, त्याला वास सुटतो. मी माझ्या कातडीचा हिशेब तिच्या कातडीला लावत होते.

नान्नजच्या माळाचा विचार तेव्हापासून वेगळा येतो. 1979 पासूनचं ते माळढोकाचं अभयारण्य. 15 किलोपर्यंत भरणारा नर, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही. तारेला धडकून पडलेला माळढोक लांबून धडधाकट वाटू शकतो. पिसं विस्कटलेलीही नसतात. आत काय फुटलंय, ते फुंकर घातल्याशिवाय कसं दिसणार?

साळुंकी बाराव्या दिवशी उडाली. मे महिन्यात आमच्या जिन्याच्या भिंतीतल्या भोकाखाली अंड्याचं अर्धं टरफल पडलेलं सापडलं. ती हीच साळुंकी, असं म्हणणार नाही. टरफल निळसर हिरवं होतं, आणि तो रंगही बिलिव्हर्डिनचाच. तळहातावर घेऊन मी ते बराच वेळ उन्हात धरलं होतं.