कालपर्यंत कसे होते?

सोमवार, 12 जानेवारी
नाइट ड्यूटी. साडेअकराला रिक्षातून एक आजोबा आले, वय 81. केस पेपरवर तक्रार एवढीच : अशक्तपणा. बीपी, पल्स, ऑक्सिजन, शुगर, सगळं ठीक. मुलगा म्हणाला, "मॅडम, एक सलाइन लावा, तरतरी येईल त्यांना."

"कालपर्यंत कसे होते?"

"काल? देवळात जाऊन आले, पेपर वाचला, वीजबिलावरून मला बोललेसुद्धा."

आज हाक मारली की डोळे उघडायचे, लगेच मिटायचे. एका रात्रीत असं म्हातारपण येत नसतं. हा डेलिरियम, म्हणजे एकाएकी भान हरपणं. त्याचा बडबडणारा, सलाइन उपटणारा पेशंट सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतो. गप्प पडून राहणारा नजरेतून सुटतो.

पोट तपासलं. बेंबीखाली तट्ट फुगलेलं. ब्रदरनी कॅथेटर टाकला, बॅगेत लिटरभर लघवी आली. सर्दीसाठी मेडिकलमधून गोळी आणली होती, असं मग कळलं. त्यातल्या क्लोरफेनिरामाइनने तरुण माणसाला फार तर पेंग येते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबली आणि भानही गेलं.

पहाटे जरा जागे झाले. डेलिरियम ओळखायच्या फोर-एटी चाचणीत वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगतात. "डिसेंबरपासून म्हणा," म्हटलं, तर सुरू झाले : "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद..." सात बरोबर आले की पुरे असतं. माझ्या हिशेबी पास! तरी भरती ठेवलंच, कारण हे भान येतं तसं जातंही.

बुधवार, 14 जानेवारी
संक्रांत. मांज्याने कापलेली बोटं, गच्चीवरून पडलेली पोरं, सोबत दहा-दहा नातेवाईक. जो ओरडेल त्याच्याकडे आधी धाव, हा कॅज्युअल्टीचा अलिखित नियम. बाकावर एक आजी पदर तोंडाला लावून बसलेल्या. "काही नाही गं, मळमळतंय. आधी त्या लेकराचं बघ."

सिस्टरनी त्यांचं ऐकलं नाही, ईसीजी काढला. हार्ट अटॅक. छातीत कळ आलीच नव्हती. उतारवयात, त्यात मधुमेह असला तर, अटॅक बऱ्याचदा असाच येतो : दम, मळमळ, घाम, नाहीतर नुसतं गळून जाणं.

शुक्रवार, 16 जानेवारी
ट्रायाजच्या टेबलावर आता सहा प्रश्नांचा कागद चिकटवलाय. आयसार नावाची ही चाळणी कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी तयार केली, 1999 साली प्रसिद्ध झाली. आजारपणाआधी रोजच्या कामात कुणाची मदत लागायची का? आता जास्त लागते का? सहा महिन्यांत दवाखान्यात भरती होता का? दिसतं नीट? विसरायला फार होतं? रोज तीनपेक्षा जास्त औषधं? दोन उत्तरं काळजीची आली की पेशंट जोखमीचा. चाळणीत नको तितके जण अडकतात हे खरं, पण सुटणाऱ्यापेक्षा अडकलेला बरा.

औषधांचा प्रश्न मी तोंडी विचारत नाही, पिशवी मागते. आज शुगर 42 होऊन आलेल्या काकूंची पिशवी टेबलावर ओतली : उघडी पाकिटं, तुळशीची वाळकी पानं, आणि ग्लिमेपिराइड दोन वेगवेगळ्या नावांनी. एक गावातल्या डॉक्टरांचं, एक शहरातल्या. काकू इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. ग्लुकोज दिल्यावर उठून बसल्या, चहा मागितला. पुतण्या गाडी काढायला निघाला. त्याला थांबवलं : ग्लुकोज लवकर उतरतं, गोळीचा अंमल मात्र दिवसभर टिकतो, किडन्या थकल्या असतील तर त्याहून जास्त. पहाटे तीनला शुगर पुन्हा घसरली, तेव्हा त्यानेच पळत येऊन सांगितलं.

रविवार, 18 जानेवारी
बाथरूममध्ये पडलेले निवृत्त मास्तर. एक्स-रे स्वच्छ, फ्रॅक्चर नाही. इथे आमचं काम संपतं, अशी समजूत. त्यांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून यायला सांगितलं. उठतानाच भिंत धरली. आडवं असताना बीपी 140, उभं केल्यावर 110. म्हणजे पाय घसरलाच नव्हता, भोवळ आली होती. बीपीची गोळी बदलायला हवी.

घरी कोण? कुणीच नाही. मुलगा पुण्याला, घर दुसऱ्या मजल्यावर. सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्ड त्यांच्याकडे आहे, पण ते भरतीचा खर्च भागवतं. वॉकर, कमोडची खुर्ची, रात्री सोबतीला माणूस त्यात बसत नाही. शेजारणीचा नंबर घेतला, मुलाला फोन केला, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 मोठ्या अक्षरात लिहून दिला. रविवारी समाजसेवा अधीक्षक नसतात. मुलगा येईपर्यंत मास्तरांना ऑब्झर्वेशनमध्ये ठेवलं, तर वरून विचारणा : "फ्रॅक्चर नाही तर बेड का अडवलाय?"

सोमवार, 19 जानेवारी
मीटिंगमध्ये विषय काढला : संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी समाजसेवेचा माणूस हवा. उत्तर ठरलेलं, पद मंजूर नाही. मग म्हटलं, निदान एक वही आणि बाहेर फोन लागेल अशी लाइन द्या. तेवढं मिळालं. जोखमीचा पेशंट घरी सोडला की त्याचं नाव, औषधातला बदल आणि घरच्यांचा नंबर वहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपाळीची सिस्टर फोन करणार. गोळी बदललीत का, चालताय का, जेवलात का. पहिलं नाव मास्तरांचं. ते मात्र अटीवर तयार झाले : फोन सकाळच्या बातम्या संपल्यावर करायचा.